रुसलेले इंजिन

किल्ल्याला बुरूज हवेत, तोफा हव्यात, मावळे हवेत आणि पायथ्याशी हळिवाचे हिरवे शेत हवे, हे सारे आम्हांला ठाऊक होते. परंतु आमच्या भाच्याच्या किल्ल्याला गेल्या दिवाळीत आगगाडीही हवी होती. "महाराजांच्या किल्ल्याभोवती आगगाडी कशी रे?" असे ताईने विचारून पाहिले. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती १८५३ साली, हे चिरंजीवांना शाळेत शिकवलेले होते. पण त्याने बिनतोड उत्तर दिले, "महाराज वर बसून बघतील!" मग कोणाची काय बिशाद! किल्ल्याला वळसा घालून रूळ पडले.

गाडी आमच्या वडिलांनी नातवासाठी हौसेने घेतलेली. इंजिनाचे रूप वाफेच्या इंजिनाचे, पण पोटात विजेची मोटर. वडील आता नाहीत, त्यामुळे घरात त्या इंजिनाला खेळण्याहून अधिक मान. आणि धनत्रयोदशीच्या सकाळी नेमके तेच रुसले. कंट्रोलरची कळ फिरवली की थरथरायचे, चार बोटे पुढे सरकायचे, घुं घुं करायचे आणि थांबायचे.

मेहुण्यांनी निकाल ताबडतोब दिला. "पाडलंस ना? किती वेळा सांगितलं, दोन हातांनी धर म्हणून!"

"नाही पाडलं, बाबा."

"मग काय आपोआप बिघडलं?"

या प्रश्नाला मोठ्या माणसाजवळही उत्तर नसते, दहा वर्षांच्या मुलाजवळ कुठून असणार? ताईने मला फोन केला. "तू जगाला छापून शिकवतोस, जरा घरी येऊन शीक," असे काहीसे ती म्हणाली. मी हत्यारांची डबी घेऊन निघालो. पोचलो तेव्हा पोरगा तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर पाठ फिरवून बसला होता.

वाचकमित्रहो, यंत्र बिघडले की आपल्या घरांत पहिली चौकशी होते ती 'कोणी केले' ही. 'काय झाले' ही चौकशी मागाहून, आणि कधी कधी होतच नाही. म्हणून या दिवाळीला तुम्हांला त्या इंजिनाची हकीकत सांगतो. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना तिचा उपयोग होईल, ज्यांच्या घरी नाही त्यांनाही कदाचित होईल.

आधी विजेची वाट समजून घेऊ. या गाड्यांच्या दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असते. जगात पुष्कळ ठिकाणी खऱ्या रुळांतले अंतर १४३५ मिलिमीटर आहे. त्याचे ८७ पटीने लहान केलेले हे रूप. (आपली रुंद मापाची गाडी १६७६ मिलिमीटरची. तिला याच हिशेबाने १९ मिलिमीटरहून अधिक जागा लागेल.) घरच्या विजेचा दाब ट्रान्सफॉर्मर उतरवतो आणि रुळांवर जास्तीत जास्त १२ व्होल्टच्या आसपास सोडतो. वीज एका रुळातून येते आणि दुसऱ्यातून परत जाते. डाव्या-उजव्या चाकांचा एकमेकांशी विजेचा संबंध येऊ नये म्हणून मध्ये अटकाव केलेला असतो.

आता मोजा. कंट्रोलरची तार रुळाला भिडते, एक. रूळ पुढच्या रुळाला, दोन. रूळ चाकाला, तीन. चाकाच्या पाठीला घासणारी पातळ पत्ती, चार. पत्तीकडून मोटरच्या कार्बन ब्रशला, पाच. ब्रश कॉम्युटेटरला, सहा. परतीच्या वाटेवर हेच सहा सांधे उलट क्रमाने. एकूण बारा जागा, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी डाख नाही, गाठ नाही. धातू धातूला नुसता टेकलेला. बारांतला एक जरी रुसला तरी इंजिन उभे. म्हणून इंजिन उघडण्याची घाई करू नये. सर्वांत आत असलेल्या मोटरवर सर्वांत शेवटी संशय घ्यावा.

वैद्य जशी आधी नाडी पाहतो तशी आपण आधी लक्षणे पाहावी. इंजिन दर फेरीला एकाच जागी अडते काय? मग दोष रुळात आहे. कुठेही अडखळते आणि बोटाने हलकेच ढकलले की चालू लागते काय? मग रुळावर, चाकांवर किंवा पत्त्यांवर मळ आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ठरावीक जागी लंगडते काय? मग चाके आणि जोडदांडे यांत गफलत आहे. मुळीच हूं की चूं नाही? तार कुठेतरी सुटली आहे, किंवा दोन रूळ कशाने तरी एकमेकांना जोडले गेले आहेत. रुळांवर पडलेला एखादा खिळाही त्याला पुरतो. आणि घुं घुं आवाज येतो पण चाल नाही? तर वीज पोचते आहे, कोणीतरी आतून धरून ठेवले आहे. अशा वेळी कळ लगेच बंद करावी. अडलेल्या मोटरमध्ये वीज सोडत राहिलो तर गुंडाळी तापते आणि जळते.

आमच्या इंजिनाची लक्षणे मिश्र होती. थोडी चाल, थोडे घुं घुं. शिवाय किल्ल्याची माती रुळांवर उडालेली. म्हणून आरंभ रुळांपासून केला.

रुळांवर जो काळा मळ धरतो तो नुसती धूळ नव्हे. चाक आणि रूळ यांमध्ये सूक्ष्म ठिणग्या उडत असतात. त्यांनी धातू काळवंडतो, त्यात धूळ आणि तेल मिसळते आणि विजेला न जुमानणारा थर तयार होतो. तो काढायला जुन्या धोतराचे फडके औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये भिजवून फिरवावे. फारच चिवट मळ असेल तर शाईचे खोडरबर चालते. मात्र पॉलिश पेपर कदापि लावू नये. त्याने रूळ क्षणभर आरशासारखा चमकतो आणि आपल्याला धन्यता वाटते. पण त्यावर बारीक चरे पडतात, पुढचा मळ त्या चऱ्यांतच घर करतो आणि दुपटीने लवकर परततो. चांगले रूळ ज्या मिश्र धातूचे असतात त्याला 'निकेल सिल्व्हर' म्हणतात. त्यात चांदी औषधालाही नसते. तांबे, जस्त आणि निकेल यांचे ते मिश्रण. ते गंजत नाही म्हणून पसंत केलेले. जुने पोलादी रूळ पावसाळ्यात हमखास गंजतात.

मग रुळांना जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या पाहाव्या. त्या सैल झाल्या की कंट्रोलरपाशी धावणारे इंजिन लांबच्या टोकाला मंदावते. पकडीने हलकेच दाबले की पुरते. जिथे गाडी रूळ बदलते त्या सांध्यावर मधला तुकडा पुष्कळदा प्लास्टिकचा, म्हणजे विजेवाचून असतो. आखूड इंजिन तिथे हळू गेले तर थांबते. तो इंजिनाचा गुन्हा नव्हे. त्याला थोड्या वेगाने पार करावे.

रूळ स्वच्छ झाले, पट्ट्या आवळल्या, इंजिन ठेवले. पुन्हा तेच, चार बोटे आणि घुं घुं.

मग चाके. रुळावर स्पिरिटचे फडके आडवे टाकून इंजिनाची अर्धी चाके फडक्यावर आणि अर्धी रुळावर ठेवायची, इंजिन हाताने धरायचे आणि वीज सोडायची. चाके फिरून आपोआप पुसली जातात. पण ती फिरायला तर हवीत! शेवटी कापूस गुंडाळलेल्या काडीने एकेक चाक पुसले. काही चाकांवर पकड यावी म्हणून रबराची कडी बसवलेली असतात. ती सैल झाली की इंजिन डुलते, कडक झाली की घसरते. आमची ठीक होती. चाकांच्या पाठीमागच्या पत्त्याही चाकांना टेकलेल्या होत्या. या पत्त्या फार नाजूक. त्या 'जरा नीट' करण्याच्या भरात किती इंजिने कायमची पांगळी झाली असतील, त्याची गणती नाही.

जोडदांडेही पाहिले. वाफेच्या इंजिनाच्या दोन बाजूंचे दांडे एकाच वेळी वर-खाली होत नाहीत. त्यांत पाव फेऱ्याचे अंतर असते. छोट्या इंजिनातही ते तसेच ठेवतात. चाक आसावर जराही फिरले की ते अंतर बिघडते आणि दांडे अडकतात. इंजिन खरोखर पडले असते तर हे चाक फिरलेले किंवा दांडा वाकलेला सापडला असता. सारे जागच्या जागी होते. मी मेहुण्यांना हाक मारून दाखवले. "हे पडलेलं नाही," मी म्हणालो. त्यांनी "हं" केले आणि आकाशकंदिलाची तार सारखी करू लागले. कट्ट्यावरून पोराने मात्र मान वळवून पाहिले.

तिसरी परीक्षा बॅटरीची. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्यावी, इंजिन मऊ फडक्यावर उलटे झोपवावे आणि बॅटरीच्या दोन तारा डाव्या-उजव्या चाकांना टेकवाव्या. असे केले की रूळ, तारा, ट्रान्सफॉर्मर, कंट्रोलर या साऱ्यांना वाटेतून बाजूला करून आपण इंजिनाशी समोरासमोर बोलतो. इंजिन इथे चालले तर दोष बाहेर. इथेही रुसले तर दोष आत. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हल्लीच्या काही इंजिनांत चिप असते. त्यांत रुळांवर दाब कायम असतो, आज्ञा संकेताने जातात आणि प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो. असे इंजिन गप्प बसले तर आधी तो क्रमांक तपासावा (कोऱ्या चिपचा बहुधा ३ असतो) आणि मोटरला परस्पर बॅटरी लावू नये. दुसरे, जर्मनीतील मेर्क्लिन कंपनीच्या गाड्यांत वीज रुळांच्या मधल्या बारीक खिळ्यांतून येते आणि दोन्ही रूळ मिळून परतीची वाट होतात. तिथे डाव्या-उजव्या चाकांची ही परीक्षा लागू नाही.

आमचे इंजिन बॅटरीवरही रुसले. म्हणजे रूळ आणि कंट्रोलर निर्दोष सुटले. तोवर बारा वाजून गेले होते, ताईने ताटे घेतली. इंजिन तसेच अंगणात उन्हात राहिले. जेवून आलो, सहज रुळावर ठेवले, कळ फिरवली आणि इंजिन चालू लागले! डौलात नव्हे, जरा लंगडत; पण किल्ल्याला सात वळसे घातले. मी मिशीतल्या मिशीत हसलो. रूळ आणि चाके पुसल्याचाच हा गुण, असे सर्वांना सांगून मी ताईचा चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. पहाटे कडाक्याची थंडी. मी तिथेच राहिलो होतो. पोराने अंघोळीच्याही आधी इंजिन लावून पाहिले. घुं घुं, आणि जागचे हलेना.

"मामा, काल दुपारी चाललं होतं ना रे?" तो हळूच म्हणाला. बाबांच्या कानी जाऊ नये असा आवाज होता तो. त्या आवाजाने मला खरे वाईट वाटले. रात्री कोणी त्याला हातही लावला नव्हता, मग हा दोष येतो कुठून आणि जातो कुठे?

इतक्यात स्वयंपाकघरातून ताईची हाक आली, "अरे, पाट मांडलेत, चला! तेल थिजलंय, एवढं पातळ होऊ दे." मी पाहिले तर तिने खोबरेल तेलाची बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात उभी केली होती. बाटलीत वर पिवळसर तेल सुटू लागले होते, खाली पांढरा गोळा.

माझे पाय तिथेच थबकले. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली थिजते, हे कोणाला ठाऊक नाही? दर हिवाळ्यात आपण बाटली शेगडीजवळ नेतोच की! सकाळी बंद, दुपारी चालू. सकाळी थिजलेले, दुपारी पातळ. आणि त्याबरोबर मला मे महिन्यातली ती दुपारही आठवली.

सुटीत मी इथे आलो होतो. इंजिन किंचित कुरकुरत होते. शिवणयंत्राचे तेल शोधले, सापडले नाही. आरशापाशी खोबरेलाची बाटली होती. काडीने भरपूर तेल सोडले. "घरचं शुद्ध तेल, याच्यासारखं दुसरं नाही," असे वर भाषणही केले. मे महिन्याच्या उकाड्यात इंजिन तुरुतुरु धावले. भाचा शेजारी बॅटरी धरून उभा होता.

अभ्यंगस्नान उरकले आणि इंजिन उघडले. उघडण्याचीही एक रीत आहे. ताटात पांढरे फडके पसरावे, म्हणजे बारीक स्क्रू उड्या मारून हरवत नाहीत. काढलेला प्रत्येक भाग काढल्या क्रमाने मांडावा, जमल्यास फोनवर छायाचित्र घ्यावे. वरचे कवच दूर ठेवावे, त्याच्या रंगाला स्पिरिट लागू देऊ नये. आणि जुन्या इंजिनाच्या मोटरमधून आर्मेचर उगाच बाहेर ओढू नये. जुन्या प्रकारच्या लोहचुंबकांच्या पोकळीतून आर्मेचर निघाले की त्यांची शक्ती उतरते. मग मोटर जास्त वीज खाते, तापते आणि कमी ओढते. इंजिन दुरुस्तीला उघडले म्हणूनच आजारी पडले, असा तो प्रकार.

आत पाहतो तो काय! मोटरच्या मळसूत्री दांड्याच्या आट्यांत आणि खालच्या दंतचक्राच्या दात्यांत पांढरट मेणासारखे तेल गच्च बसले होते. कॉम्युटेटर म्हणजे तांब्याच्या पाकळ्यांची छोटी नळी. पाकळ्यांमध्ये बारीक फटी असतात. तेल तिथवर ओघळले होते आणि ब्रशांच्या कार्बनची भुकटी त्यात मिसळून काळे काजळ झाले होते. दुपारी चालतानाही इंजिन लंगडत होते ते यामुळे.

चक्रे पितळेची होती, ती रॉकेलने धुतली आणि कोरडी केली. (प्लास्टिकची असती तर कोमट साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश.) कॉम्युटेटर स्पिरिटच्या काडीने पुसला आणि पाकळ्यांमधल्या फटी दात कोरायच्या लाकडी काडीने मोकळ्या केल्या. ब्रश पुरेसे लांब होते, त्यांच्या स्प्रिंगा जिवंत होत्या. स्वयंपाकघरातले कोणतेही तेल यंत्राला नको. थंडीत थिजणारे असो वा नसो, जुने झाले की चिकट होते. यंत्राचे हलके तेल, आणि प्लास्टिक असेल तर प्लास्टिकला न बाधणारे, एवढेच घ्यावे.

पण काम संपले नव्हते. मेहुणे फराळाला बसले होते. मी चिमट्यात ते पांढरे मेण धरून त्यांच्यापुढे नेले आणि ताईच्या देखत सांगितले, "इंजिन बिघडवलं ते मी. मेमध्ये खोबरेल घातलं. पोरानं काही केलेलं नाही."

मेहुणे काही बोलले नाहीत. चकलीचा तुकडा बशीत ठेवून ते उठले, अंगणात गेले आणि किल्ल्याचा पावसाने खचलेला बुरूज पोराबरोबर लिंपू लागले. थोड्या वेळाने त्यांचे "माती जरा घट्ट कालव रे, बाळ" ऐकू आले. एवढ्यावरच मिटले, पण मिटले.

मी नंतर भाच्याला विचारले, "तेल मी घातलं होतं, ते तुला ठाऊक होतं. मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणाला होतास ना, याच्यासारखं दुसरं तेल नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, मीच काहीतरी केलं असेल."

मित्रहो, गेली कित्येक वर्षे लोकांची बिघडलेली यंत्रे पाहतो आहे. पॉलिश पेपरने घासलेले रूळ, 'नीट' केलेल्या पत्त्या, उगाच काढलेले आर्मेचर आणि आता हे खोबरेल. पडून झालेल्या नुकसानीपेक्षा मायेने झालेले नुकसान मी अधिक पाहिले आहे. तेव्हा यंत्र रुसले की 'कोणी पाडले' याच्या आधी 'शेवटचे कोणी दुरुस्त केले' हे विचारावे. उत्तर स्वतःकडे आले तर ते स्वतःच्या तोंडाने सांगावे, आणि ज्याने बोल खाल्ला त्याच्यासमोर सांगावे. आणि मुले असली तर सवड काढून त्यांना पुण्याला कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात न्यावे. कै. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले ते नगर १९९८ साली लोकांना खुले झाले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तेल घालायचे काम मी भाच्याकडे दिले. त्याने सुईचे टोक तेलात बुडवले, टोकावर जेवढे राहिले तेवढेच दांड्याच्या आसाला लावले आणि मान वर करून विचारले, "एवढंसंच?"

"एवढंसंच," मी म्हणालो.

पणत्या लागल्या होत्या. इंजिन किल्ल्याभोवती निघाले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या थंडीतही निघाले.